छाती किती दबते? टक्करीतला माणूस संगणकावर तपासताना

मोटारीच्या टक्करीचे सिम्युलेशन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चुरगळणारे बॉनेट येते. ते दिसायला नाट्यमय असते, पण पत्रा किती चुरगळला हे कळून अर्धेच काम होते. आत बसलेल्याची बरगडी मोडली का, मान सुखरूप राहिली का, गुडघा डॅशबोर्डला कितीने लागला, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. या कामात सर्वांत जास्त वेळ छातीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. चांगली एअरबॅग असली की डोक्याचे आकडे बहुधा आवाक्यात येतात. छातीचे तसे होत नाही, कारण सीटबेल्टचा जो पट्टा माणसाला वाचवतो तोच छाती दाबतो.

आधी थोडे गणित करू. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकन कार्यक्रमाच्या समोरून होणाऱ्या ऑफसेट चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने येते आणि तिच्या रुंदीचा ४० टक्के भाग ॲल्युमिनियमच्या चुरगळणाऱ्या अडथळ्यावर आदळतो. हा वेग सेकंदाला १७.८ मीटर. चाचणीतली सरासरी पुरुषाची डमी (मापके बसवलेला माणसाचा पुतळा) साधारण ७८ किलोची, म्हणजे तिच्यात १२.३ किलोज्यूल ऊर्जा आहे आणि ती सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जिरवायची आहे. गाडी ६० सेंटिमीटरमध्ये एकसारख्या दराने थांबली असे धरा. डिसेलरेशन (वेग कमी होण्याचा दर) सुमारे २७ जी येते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट. पट्टा नसेल तर माणूस मूळ वेगानेच पुढे जात राहतो. छाती आणि स्टीअरिंग यांच्यात ४० सेंटिमीटर जागा असेल, तर ५५ मिलिसेकंदांनी छाती स्टीअरिंगवर आदळते, तीही ताशी ५२ किमीच्या सापेक्ष वेगाने. तोवर गाडी जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे तिच्या चुरगळण्याचा त्या माणसाला काहीच उपयोग झालेला नसतो.

आता पट्ट्याने धरलेला माणूस घ्या. गाडीबरोबर तोही ६० सेंटिमीटर जातो, शिवाय केबिनमध्ये छाती ३० सेंटिमीटर पुढे सरकते. एकूण ९० सेंटिमीटर मिळाले, म्हणजे सरासरी १८ जी. आतला माणूस गाडीपेक्षा सौम्यपणे थांबू शकतो तो या जादा अंतरामुळे. पट्टा, तो घट्ट ओढणारा प्रीटेन्शनर, ठरलेल्या बलानंतर तो सोडणारा लोड लिमिटर, एअरबॅग, आत दबणारा स्टीअरिंग कॉलम ही सगळी मंडळी मिळून ते ३० सेंटिमीटर कसे खर्च करायचे, हेच ठरवत असतात. लवकर पकडले नाही तर सुरुवातीचे अंतर वाया जाते आणि फार घट्ट पकडले तर शेवटचे अंतर वापरायचेच राहून जाते.

प्रत्यक्ष कामात संपूर्ण गाडी दर वेळी चालवत नाहीत. पूर्ण गाडीचे मॉडेल आज सहज ५० लाख एलिमेंटच्या (गणितासाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांच्या) पुढे जाते. पोलादाच्या पत्र्यात ५ मिमीचा एलिमेंट असेल तर टाइम स्टेप (गणिताची एका वेळची पायरी) साधारण एक मायक्रोसेकंद येतो, कारण ध्वनिलहर एका पायरीत एलिमेंट ओलांडून जाता कामा नये. १५० मिलिसेकंदांच्या टक्करीसाठी दीड लाख पायऱ्या झाल्या. एल-एस डायना काय किंवा रेडिऑस काय, एक्सप्लिसिट पद्धतीचे, म्हणजे अशा छोट्या पायऱ्यांनी पुढे जाणारे, सगळे सॉल्व्हर (गणित सोडवणारी सॉफ्टवेअर) याच अटीत बांधलेले आहेत. (एल-एस डायनाचा पूर्वज असलेला डायना-३डी जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत लिहिला, तो शस्त्रांच्या अभ्यासासाठी.) म्हणून पूर्ण गाडी एकदा चालवायची, बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या) तळाशी मिळालेला डिसेलरेशनचा पल्स (वेळेनुसारचा आलेख) काढायचा आणि पुढचे काम स्लेड मॉडेलवर करायचे. त्यात सीट, फरशी, डॅशबोर्ड, स्टीअरिंग, पट्टा, एअरबॅग आणि डमी एवढेच ठेवायचे. असा रन (सिम्युलेशनची एक फेरी) काही तासांत संपतो आणि दिवसाला अनेक पर्याय तपासता येतात.

ऑफसेट टक्करीत मात्र नुसता पल्स देऊन भागत नाही. गाडी एका बाजूने अडकल्याने वळते, नाक खाली घालते, आणि पायाशी असलेली फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यातली भिंत) आत येते. हे सगळे पूर्ण गाडीच्या रनमधून नोडच्या (एलिमेंट जोडणाऱ्या बिंदूंच्या) हालचालीच्या स्वरूपात घेऊन स्लेड मॉडेलवर लादावे लागते. ते टाळले तर छातीचे आकडे कदाचित ठीक दिसतील, पण नडगी आणि घोट्याचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. पल्स तपासायची सोपी युक्ती अशी की त्याचे एकदा इंटिग्रेशन करून वेगातला फरक काढा. तो सुरुवातीच्या वेगापेक्षा थोडा जास्त आला पाहिजे, कारण गाडी थोडी मागे उसळते. कमी आला तर पल्स आधीच कापला गेलाय किंवा फिल्टर (आलेखातला गोंगाट गाळणारे गणित) चुकलाय.

यानंतर डमी बसवायची, आणि सर्वांत जास्त निष्काळजीपणा याच पायरीत होतो. नियमानुसार नितंबाचा एच-पॉइंट (धड आणि मांडी जिथे वळते तो बिंदू) ठरलेल्या जागेपासून आडव्या आणि उभ्या दिशेने १३ मिमीच्या आत लागतो, श्रोणीचा (कंबरेच्या हाडाचा) कोन २२.५ अंश, अडीच अंशांच्या सवलतीसह. संगणकात डमी नुसती उचलून त्या जागी ठेवली, तर तिचे नितंब सीटच्या फोममध्ये घुसलेले राहतात. मग पहिल्याच मिलिसेकंदात कॉन्टॅक्ट (दोन भाग एकमेकांत घुसू न देणारा नियम) त्यांना बाहेर ढकलतो आणि डमी सीटवरून उडते. योग्य मार्ग म्हणजे आधी वेगळा रन करून डमीला हळूहळू फोममध्ये दाबायचे, हातपाय केबलने ओढून जागी आणायचे आणि दबलेल्या फोमचा आकार मुख्य मॉडेलमध्ये घ्यायचा. फोममधला ताणही बरोबर आणला तर उत्तम. तो सोडून दिला की सीट खऱ्यापेक्षा नरम वागते, श्रोणी खाली बुडते आणि पोटावरचा पट्टा वर सरकण्याचा धोका उगाच जास्त किंवा कमी दिसतो.

पट्टा. दिसायला सोपा, मॉडेल करायला सर्वांत किचकट. साधारण ४७ मिमी रुंदीची ही पट्टी शरीराला टेकते तिथे शेल (पातळ पृष्ठभागाच्या) एलिमेंटची करतात, आणि स्लिपरिंगमधून (खांद्याजवळच्या कडीतून) रिट्रॅक्टरकडे (पट्टा गुंडाळणाऱ्या रिळाकडे) जाताना एकरेषीय एलिमेंटची. काही मॉडेलमध्ये स्लिपरिंगमधूनही शेलच जातात. एकरेषीय एलिमेंट स्लिपरिंगमधून सरकताना त्याची लांबी दिलेल्या किमान मर्यादेखाली गेली की तो पलीकडे जातो. ही मर्यादा आणि एलिमेंटची मूळ लांबी यांचे नाते चुकले तर पट्ट्याच्या बलात करवतीसारखे दाते दिसतात. खांद्यावरचा पट्टा शरीरावर ओढून बसवताना तो कपड्यात घुसलाय का आणि बरगड्यांपासून उगाच दूर राहिलाय का, दोन्ही पाहा. दहा मिलिमीटर ढिलाई म्हणजे प्रीटेन्शनरच्या कामाचा लक्षात येण्याजोगा तुकडा वाया गेला.

प्रीटेन्शनर पट्टा आत ओढतो, लोड लिमिटर ठरलेल्या बलानंतर पट्टा सोडत राहतो. लिमिटरची पातळी सहसा ३ ते ६ किलोन्यूटनमध्ये असते. ही पातळी खाली आणली की छाती कमी दबते, पण शरीर जास्त पुढे जाते. मग डोके एअरबॅग पूर्ण दाबून मागच्या स्टीअरिंगच्या कड्याला टेकते. डोक्याच्या त्वरणाच्या आलेखात ८०-९० मिलिसेकंदांच्या आसपास दोन-तीन मिलिसेकंदांचे अणकुचीदार टोक दिसले, तर आधी हाच संशय घ्या. अशा वेळी लिमिटर लगेच वर नेऊ नका. त्याआधी एअरबॅगचे भोक थोडे लहान करून पाहा, म्हणजे बॅग जास्त वेळ दाब धरते, आणि कॉलम खरेच आत दबतोय का तेही पाहा. कित्येकदा कॉलम तिरक्या बलामुळे अडकतो आणि त्याचे सगळे अंतर तसेच शिल्लक राहते.

बॅग कधी उघडायची, यासाठी जुना अंदाजी नियम आहे: माणूस ५ इंच, म्हणजे सुमारे १२५ मिमी पुढे गेला असेल ती वेळ काढा आणि त्यातून ३० मिलिसेकंद वजा करा. बॅग फुगायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ऑफसेट अडथळा सुरुवातीला मऊ असल्याने सेन्सरला टक्कर ओळखायला जास्त वेळ लागतो, पण माणूसही उशिरा सरकू लागतो. चालकाची बॅग साधारण ५०-६० लिटरची असते, शेजारच्याची त्याच्या दुपटीच्या आसपास. इन्फ्लेटरमधून (बॅगेत वायू भरणाऱ्या भागातून) किती वायू कधी येतो हे बंद टाकीत इन्फ्लेटर फोडून मोजलेल्या दाबावरून काढतात. बॅग पूर्ण फुगल्यानंतरच डोके टेकणार असेल तर आत सगळीकडे दाब सारखा आहे असे मानणारे मॉडेल पुरते. ठेंगणा चालक स्टीअरिंगला चिकटून बसला असेल, किंवा बॅग उघडतानाच्या झोताचा प्रश्न असेल, तर वायूचे कण मोजणारी पद्धत घ्यावी लागते. घडी घातलेल्या बॅगेत कापडाचे थर एकमेकांत घुसलेले असले तर बॅग एका बाजूने अडकते. ऊर्जेचा आलेख अशा वेळी ठीक दिसू शकतो, म्हणून उघडणाऱ्या बॅगेचा व्हिडिओ चाचणीच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहावाच.

आता निकाल वाचायचे. डोक्यासाठी एचआयसी हा इजेचा निकष वापरतात: जास्तीत जास्त १५ मिलिसेकंदांच्या खिडकीतले सरासरी त्वरण घ्यायचे, त्याचा अडीचवा घात करायचा, आणि सेकंदांतल्या कालावधीने गुणायचे. अमेरिकेच्या वाहनसुरक्षेच्या २०८ क्रमांकाच्या नियमात मर्यादा ७०० आहे. घातामुळे हा आकडा फार संवेदनशील आहे. १५ मिलिसेकंद सलग ६० जी मिळाले तर एचआयसी ४१८ येतो, ८० जी मिळाले तर ८५९. त्वरण एक-तृतीयांशाने वाढले आणि आकडा दुपटीच्या पुढे गेला. म्हणून ४०० आणि ४५० या दोन डिझाइनांत भेद करत बसू नये. शिवाय एचआयसीला डोक्याचे फिरणे दिसतच नाही. मेंदूला होणाऱ्या इजेत फिरण्याचा वाटा मोठा आहे, त्यामुळे कोनीय वेगावर आधारलेला ब्रिक हा निकषही सोबत काढावा. फिल्टर प्रत्येक चॅनेलचा (मापकाच्या नोंदीचा) वेगळा असतो: डोक्याला सीएफसी १००० (फिल्टरचा ठरलेला वर्ग), छातीच्या त्वरणाला १८०, मांडीच्या बलाला ६००. सिम्युलेशनचा डेटा पुरेशा दाट अंतराने लिहिला नसेल तर फिल्टर लावूनही टोके खोटी येतात. डमीचे चॅनेल दर ०.१ मिलिसेकंदाला तरी लिहावेत.

छातीपाशी थोडे थांबू या. हायब्रिड-३ या प्रचलित डमीच्या छातीत पोलादाच्या सहा बरगड्या आहेत आणि उरोस्थीच्या मध्याशी एकच मापक आहे. अमेरिकी नियमात सरासरी पुरुषाच्या डमीसाठी छाती ६३ मिमीपर्यंत दबणे मान्य आहे, लहान चणीच्या स्त्रीच्या डमीसाठी ५२ मिमी. युरोपातल्या तशाच कार्यक्रमाच्या, युरो एनकॅपच्या, जुन्या ऑफसेट चाचणीत पूर्ण गुणांसाठी हा आकडा २२ मिमीच्या आत लागे. म्हणजे कायदा पाळणे आणि पाच तारे मिळवणे यांत केवढे अंतर आहे पाहा. अडचण अशी की मापक एकच असल्याने पट्टा त्याच्यापासून थोडा बाजूने, मानेकडे सरकून गेला तर दबलेले अंतर कमी नोंदले जाते. बलात काहीच फरक पडलेला नसतो. पट्ट्याचा वरचा खुंट २० मिमी हलवून आकडा सुधारला, की लगेच खुशीत येऊ नये. पट्ट्याचा छातीवरचा मार्ग आधी मोजावा आणि दोन्ही रनमध्ये तो सारखा आहे का पाहावे. थॉर या नव्या डमीत छातीवर चार ठिकाणी तिन्ही दिशांनी मापन होते, त्यामुळे ही पळवाट बरीचशी बंद होते. युरो एनकॅपने २०२० पासून समोरच्या चाचणीत थॉर आणली ती योग्यच केले.

पोटावरचा पट्टा श्रोणीच्या हाडावरून निसटून पोटात घुसला, तर छातीचा आकडा उलट चांगला दिसतो, कारण धड मागे झुकून खाली सरकते. हे पकडायला श्रोणीच्या दोन्ही बाजूंचे बल पाहा. ते चढत असताना एकदम कोसळले, आणि त्याच वेळी पट्ट्यातले बल तसे कोसळले नाही, तर पट्टा निसटलाय. आकड्यांच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच लाल दिसत नाही.

यातली डमी कोणाची, हेही विचारायला हवे. हायब्रिड-३ चा सरासरी पुरुष ही अमेरिकी माणसाची मापे आहेत, उंची साधारण १७५ सेंटिमीटर. आपल्याकडचा सरासरी पुरुष त्याहून बुटका आणि हलका आहे, सरासरी स्त्री आणखीच. ती सीट पुढे घेते, स्टीअरिंगजवळ बसते, आणि ४० सेंटिमीटरचे ते गणित तिच्यासाठी आधीच बदललेले असते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून दाखवले की समोरच्या टक्करीत पट्टा लावलेल्या स्त्रियांना गंभीर इजा होण्याची शक्यता, ऑड्सच्या (होण्या-न होण्याच्या गुणोत्तराच्या) मापाने, पट्टा लावलेल्या पुरुषांपेक्षा ७३ टक्के जास्त आहे. म्हणून लिमिटरची पातळी ठरवताना फक्त ७८ किलोच्या डमीवर थांबणे मला मान्य नाही. सुमारे ४९ किलोची लहान स्त्रीची डमी पुढे ओढलेल्या सीटवर ठेवून तोच पल्स चालवा. जड पुरुषासाठी बसवलेला ५ किलोन्यूटनचा लिमिटर तिच्या छातीवर कदाचित उघडणारच नाही, म्हणजे तिच्यासाठी गाडीत लिमिटर नसल्यासारखेच.

मानवी शरीराची मॉडेल यापुढची पायरी. टोयोटाचे थम्स २०२१ पासून मोफत मिळते. त्यात हाडे, अवयव, अस्थिबंध वेगवेगळे मांडलेले आहेत. डमीला छातीचे एक अंतर कळते, इथे प्रत्येक बरगडीतला ताण कळतो, आणि वयानुसार बरगडी मोडण्याची शक्यता काढता येते. साठीतल्या माणसाची बरगडी पंचविशीतल्यापेक्षा पुष्कळ कमी ताणात मोडते. डमीला वय नसते, त्यामुळे हा फरक तिच्यातून कधीच बाहेर येत नाही. पण शरीराचे मॉडेल बसवणे डमीपेक्षा अवघड आहे. खांदे वाकवताना त्वचेचे एलिमेंट चुरगळतात, आणि पाठीचा कणा सीटच्या आकाराशी जुळवला नाही तर श्रोणीचा कोन चुकतो.

मऊ भागांतले एलिमेंट उलटे होऊन रन बंद पडणे हे फोम आणि मांस दोन्हींत नेहमीचे. घनफळ ऋण झाल्याचा संदेश येतो. कारण बहुधा एकच असते: फोम ८०-९० टक्के दबल्यावर खऱ्या आयुष्यात तो एकदम ताठर होतो, आणि ताण व दबणे यांच्या दिलेल्या वक्रात ते ताठर टोकच नसते. वक्र शेवटी चढता करा, आतल्या थरांचा परस्परांशी कॉन्टॅक्ट चालू करा. टाइम स्टेप निम्मा करून वेळ मारून नेता येते, पण मूळ दोष तसाच राहतो.

रन पूर्ण झाला म्हणजे बरोबर झाला असे मानू नका. एकूण ऊर्जा जवळपास स्थिर हवी. अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटचे खोटे वेडेवाकडे होणे रोखण्यात गेलेली) अंतर्गत ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि तीही एकत्रित नको, सीटचा फोम, बॅग, डमीची छाती अशी भागवार तपासा. मास स्केलिंगने (टाइम स्टेप मोठा ठेवण्यासाठी वजन घालण्याने) वाढलेले वस्तुमान कुठे बसलेय ते पाहा. पूर्ण मॉडेलच्या एक टक्का वाढ नगण्य वाटते, पण त्यातले दोन किलो डमीच्या बरगड्यांत गेले असतील तर छातीचा निकाल संपला. यानंतर विखुरणी, म्हणजे छोट्या बदलांनी निकाल किती हलतो ते, तपासा: एच-पॉइंट १० मिमीने मागेपुढे, बॅग उघडण्याची वेळ ३ मिलिसेकंदांनी, पट्ट्याचे घर्षण ०.२ ते ०.४. छातीचा आकडा यातच ४ मिमीने हलत असेल, तर दोन डिझाइनांमधल्या २ मिमीच्या फरकावर निर्णय घेता येत नाही. संगणकाच्या प्रोसेसर-कोअरची संख्या बदलली तरी आकडे थोडे सरकतात, म्हणून तुलना करायचे सगळे रन सारख्याच संख्येवर चालवा.

मागच्या सीटचा विषय आपल्याकडे फार मागे राहिला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. सिम्युलेशनमध्ये पट्टा न लावलेली मागची डमी घालून पाहावी. ते १२ किलोज्यूल पुढच्या सीटच्या पाठीवर येतात आणि पुढचा माणूस, पट्टा लावूनही, मागून ढकलला जाऊन स्टीअरिंगकडे जातो. त्याची छाती मग दोन्ही बाजूंनी दाबली जाते.

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना सुरुवात करायला आज परवान्याचा खर्च आडवा येत नाही. ओपनरेडिऑस हा सॉल्व्हर २०२२ पासून खुला आहे. एकदम पूर्ण गाडी घेऊ नका. कडक सीट, तीन बिंदूंचा पट्टा आणि एक साधी डमी एवढेच ठेवा. पल्स म्हणून अर्धी साइन लाट द्या, १०० मिलिसेकंद लांब, २८.५ जी उंच. तिच्याखालचे क्षेत्रफळ सेकंदाला १७.८ मीटर भरते, म्हणजे ताशी ६४ किमी. एअरबॅग घालूच नका. लिमिटर ६, ५, ४, ३ किलोन्यूटन असे चार रन लावा आणि एकाच आलेखावर आडव्या अक्षाला डोक्याचे पुढे जाणे, उभ्या अक्षाला छातीचे दबणे मांडा. मग डोक्यापासून स्टीअरिंगच्या कड्यापर्यंतच्या अंतराची उभी रेघ ओढा. त्या रेघेच्या उजवीकडे जितके रन पडतील, तितक्यांत डोके थांबवण्याचे काम एअरबॅगला करावे लागेल.